‘गोव्याची हवाच तशी’ म्हणून गळ्यात मारलेलं पिस्तूल

परवाना मिळाल्यावर नवं घ्यावं की वापरलेलं, हा हिशेब होतोच, आणि वापरलेलं स्वस्त पडतं. फोंड्याकडच्या एका बागायतदाराने असंच .३२ बोअरचं पिस्तूल घेतलं. विकणाऱ्याने घरातच स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, चार वेळा मागे ओढून खटाखट सोडून दाखवली. वरचा निळसर काळा रंग नव्यासारखा. नेमबाजीच्या रेंजवर पहिल्याच मॅगझिनला (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीला) तिसरी गोळी अडकली. फोन केला तर उत्तर आलं, ‘गोव्याची हवाच तशी, खारी. तेल घाला.’ मग त्यानेच सुचवलेल्या कारागिराकडे तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही बिलांवर ‘स्प्रिंग बदलली’. जुनी स्प्रिंग मात्र एकदाही परत मिळाली नाही.

हाताने ओढलेल्या स्लाइडवरून काहीच कळत नाही. या पिस्तुलात बार होताना स्लाइड नळीला अडकवून धरणारं कुलूप नसतं. स्लाइडचं वजन आणि तिला पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग यांच्यावरच सगळी मदार. बार झाला की वायूचा दाब पुंगळीला (काडतुसाच्या धातूच्या कवचाला) मागे रेटतो, पुंगळी स्लाइडला. एक्स्ट्रॅक्टरचा आकडा पुंगळीची कड धरून ओढतो, इजेक्टर ती बाहेर उडवतो, घोडा चढतो, आणि परतताना स्लाइड मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, ढकलते. हे सगळं क्षणार्धात होतं. हाताचा वेग त्याच्या जवळपासही जात नाही.

काहीही तपासण्याआधी तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची, मग चेंबरमध्ये डोळ्याने बघायचं. हा क्रम उलटला तर मॅगझिनमधली गोळी चेंबरमध्ये जाऊन बसते आणि माणूस समजतो पिस्तूल रिकामं आहे.

पुंगळी उडण्याच्या खिडकीत उभी अडकत असेल तर आकडा झिजलाय, किंवा स्लाइड पुरती मागे येत नाही. पुंगळी चेंबरमध्येच राहत असेल तर आकडा तुटलाय किंवा चेंबरला गंजाचे खड्डे आहेत. काडतुसाचं नाक खाली रुतत असेल तर संशय मॅगझिनवर. .३२ च्या काडतुसाला मागे थोडी बाहेर आलेली कड असते; भरताना वरच्याची कड खालच्याच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि मॅगझिन ठप्प. चाप ओढून नुसता ‘टिक’ झाला तर तोंड तसंच सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद थांबायचं. आवाज फुसका आला तर लगेच थांबायचं. गोळी नळीतच असू शकते, आणि पुढच्या बाराला नळी फुटते.

हवेची सबब अर्धी खरी असते, म्हणूनच ती खपते. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवलेलं पिस्तूल गंजतंच, कारण चामडं ओल धरून ठेवतं. पण गंज नवा की रंगाखाली पुरलेला, हे मुठीच्या पट्ट्या उघडल्या की दिसतं. घासून रंग चढवलेल्या हत्याराच्या अक्षरांच्या कडा बोथट होतात, स्क्रूच्या भोकांभोवती पृष्ठभाग खोलगट होतो. नंबर पुसट झालेला दिसला तर व्यवहार तिथेच सोडायचा. ओळखखूण नसलेलं हत्यार विकणं १९५९ च्या शस्त्र कायद्यात गुन्हा आहे. आणि तेल म्हणजे खोबरेल नव्हे. डिसेंबरच्या पहाटे ते थिजतं, काडतुसावर आपटणारी फायरिंग पिन जड होते.

याच सौद्यात ५० काडतुसांचा डबाही ‘फुकट’ आला होता. तीही .३२ ची, पण रिव्हॉल्व्हरची: पुंगळी सुमारे २३ मिलिमीटर, पिस्तुलाची १७. मॅगझिनमध्ये जाणारच नाहीत.

दोन परवानाधारकांमध्ये विक्री होणार असेल, तर विकणाऱ्याने घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. ‘आज अर्धे द्या, कागद नंतर’ म्हणणाऱ्याला हेच दिवस नको असतात. खरं तर तेवढ्या वेळात स्वतंत्र परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून तपासणी आरामात होते.

शेवटी दुसऱ्या कारागिराने पिस्तुलासोबतच्या दोन्ही मॅगझिनवर रंगाने १ आणि २ लिहून रेंजवर चालवून पाहिली. अडकायचं ते फक्त १. त्याचा एक ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणारी वरची कड, आत दबलेला होता. तीन बिलांत मॅगझिनचं नावही नव्हतं.