इंजिनाचा मूळ रंग: तयार डबा की जुळवून घेतलेला?

जुन्या गाडीचं इंजिन रंगवायचं तर दोन वाटा. एक, मॉडेलच्या नावाने मिळणारा तयार इंजिन इनॅमलचा (कडक, चकचकीत थर देणाऱ्या रंगाचा) स्प्रे. तो स्वस्त, झटपट आणि उष्णता सोसणारा. पण 'फोर्ड निळा' म्हणजे नेमका कोणता? 1966 पासून फोर्डची बहुतेक इंजिनं निळी झाली खरी, तरी एकाच नावाचे दोन कंपन्यांचे डबे शेजारी ठेवा, फरक डोळ्यांत भरतो.

दुसरी वाट म्हणजे मूळ रंगाचा नमुना शोधून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंगाची छटा मोजणाऱ्या यंत्रावर) जुळवून घेणं. इथे खरी मेख नमुन्यात आहे. वरचा रंग उष्णतेने आणि तेलाने काळवंडलेला असतो. तो जुळवलात तर म्हातारा रंगच नव्याने मिळेल. ब्रॅकेटखाली, वॉटर पंपाच्या मागे झाकलेला तुकडा शोधा आणि तो सापडेपर्यंत ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, सॉल्व्हंटने धुऊ नका. शिवाय जुळवलेला रंग उष्णतारोधक इनॅमलमध्येच बनवून घ्या, साधा बॉडी पेंट पिवळा पडतो.

प्रदर्शनात परीक्षकांसमोर गाडी न्यायची असेल तर मी दुसरी वाट धरेन. रोज फिरवायची असेल तर तयार डबा पुरे. फक्त आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून, वाळल्यावर, उन्हात बघा.