रिप्लाय-ऑलच्या लोंढ्याला एक्स्चेंजचा ब्रेक: लागतो, पण उशिरा

ऑक्टोबर १९९७. खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये ‘बेडलॅम डीएल३’ नावाच्या डिस्ट्रिब्युशन लिस्टवर (डीएल, म्हणजे एका पत्त्यावर मेल टाकला की सगळ्यांना जाणारी यादी) एकाने मेल टाकला, मला या यादीतून काढा. मग ‘मलाही काढा’ आणि ‘कृपया रिप्लाय-ऑल करू नका’ हेही सगळ्यांनी सगळ्यांनाच कळवलं. दीड कोटी मेल, १९५ जीबी डेटा. याच कंपनीने एक्स्चेंज ऑनलाइन या आपल्या ऑफिस-मेल सेवेत असा लोंढा अडवणारं ‘रिप्लाय ऑल स्टॉर्म प्रोटेक्शन’ आणलं, ते २०२० च्या मे महिन्यात!

सोय मुळातच चालू असते. २५०० किंवा अधिक जणांना गेलेल्या मेलवर तासाभरात १० रिप्लाय-ऑल झाले की पुढचे ६ तास त्या थ्रेडवर रिप्लाय-ऑल बंद. पाठवणाऱ्याला बाउन्स मेल येतो. हे चांगलं, कारण आपला मेल गेलाच नाही हे त्याला लगेच कळतं.

खोट आकड्यांत आहे. ३००० जणांच्या डीएलवर १० उत्तरं म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ३०,००० प्रती इनबॉक्सात पडलेल्या. म्हणून ॲडमिनने पॉवरशेलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) ‘सेट-ऑर्गनायझेशनकॉन्फिग’ या कमांडने उत्तरांची मर्यादा ४ वर आणावी (२ ते २० चालते) आणि माणसांची १००० वर. १००० च्या खाली मात्र जाताच येत नाही. साडेचारशे जणांच्या कंपनीला ही सोय असून नसून सारखीच.

एका मेलला ५०० पत्त्यांची मर्यादा घातली की काम झालं, असं बऱ्याच ॲडमिनना वाटतं. नाही होत. ॲड्रेस बुकातली डीएल एकच पत्ता म्हणून मोजली जाते, मग तिच्यात ९००० जण का असेनात.

खरा इलाज एक्स्चेंजच्याच ॲडमिन सेंटरमध्ये आहे, आणि फुकट आहे. ग्रुपच्या (म्हणजे डीएलच्या) सेटिंग्जमध्ये ‘डिलिव्हरी मॅनेजमेंट’ उघडून फक्त एचआर आणि आयटीच्या दोन-तीन आयडींना पाठवायची परवानगी द्या. मग पहिलंच उत्तर अडतं, दहाची वाट पाहावी लागत नाही. कोणीही लिहावं अशीच यादी हवी असेल तर ‘मेसेज अप्रूव्हल’ लावा. पण मंजुरी देणारे दोघं तरी नेमा, एक सुट्टीवर गेला की मेल तुंबतात.

सूचना पाठवणाऱ्याने डीएल बीसीसीत टाकावी. रिप्लाय-ऑल केलं तरी ते पाठवणाऱ्याकडे आणि टू-सीसीतल्यांकडेच जातं. तोटा एवढाच की मेल कुठल्या ग्रुपमुळे आला ते दिसत नाही. तेव्हा पहिल्याच ओळीत लिहा: ‘हा मेल पुणे शाखेतील सर्वांना.’

स्टॉर्म प्रोटेक्शनला पाचपैकी तीन गुण. डिलिव्हरी मॅनेजमेंट आधी लावलं असेल तर साडेतीन, कारण मग ही सोय फक्त चुकून उघड्या राहिलेल्या डीएलपुरती उरते.