कवाईची वाफेची ट्रेन: राइड छोटी आहे, इंजिन मात्र अस्सल (ग्रोव्ह फार्म, लिहुए)

हवाईतल्या कवाई बेटाचं तिकीट काढायच्या आधी कॅलेंडर उघडा आणि महिन्याचा दुसरा गुरुवार कधी येतोय ते बघा. तिथल्या लिहुए गावात ग्रोव्ह फार्म म्युझियमवाले महिन्यातून त्या एकाच दिवशी वाफेचं इंजिन पेटवतात आणि लोकांना बसवून फिरवतात. बीच काय, रोज आहेत. फक्त पाऊस असेल तर बेत बदलू शकतो आणि कवाईचा पाऊस म्हणजे कधी येईल सांगता येत नाही, म्हणून आदल्या दिवशी फोन करून नक्की करा, तिकिटाचं आणि वेळेचंही तेव्हाच विचारून घ्या.

आधीच सांगते, राइड फार छोटी आहे. बोगदा नाही, पूल नाही, समुद्र दिसत नाही. जुन्या साखर कारखान्याच्या जागेवर रूळ टाकलेत, त्यावरून पुढे जायचं, मागे यायचं, झालं. नुसतं ट्रेनमध्ये बसायला जाणाऱ्याचा मूड जाईल. पण ट्रेन ओढतंय कोण ते बघितलं की मग वेळ कसा जातो कळत नाही.

कारण हे इंजिन याच बेटावर ऊस ओढायचं. तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, तर शेजारच्या माउई बेटावर लहैनाला २०१४ पर्यंत 'शुगर केन ट्रेन' म्हणून एक फेमस टुरिस्ट गाडी चालायची, तिची इंजिनं १९४३ ची पोर्टर कंपनीची, आणि ती आलेली ओहायोच्या चुनखडीच्या खाणीवरून, ऊस त्यांनी कधी ओढलाच नव्हता. इथे कवाईत किलोहानाला दुसरी एक ट्रेन आहे, जवळपास रोज असते, मध्ये उतरवून प्राण्यांना खायला घालायला देतात, पोरं खूश. पण ती डिझेलवर चालते. लहान मुलं असतील तर तीच करा, काही वाईट नाही, फक्त वाफेचं इंजिन बघायचं मनात ठेवून तिकडे जाऊ नका.

ग्रोव्ह फार्मकडे एकूण चार इंजिनं आहेत: पाउलो १८८७ चं, वायनिहा १९१५ चं, वाहियावा १९२१ चं आणि कायपु १९२५ चं. शेवटची तीन अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीची, पण पाउलो जर्मनीतलं, ड्युसेलडॉर्फच्या होहेनझोलर्न कारखान्यातलं. जर्मनीचं इंजिन पॅसिफिकच्या मधोमध कसं काय पोचलं, तर कवाईच्या साखर धंद्यात तेव्हा जर्मन लोकांचं वजन होतं, पॉल आयझेनबर्ग लिहुएच्या मळ्याचा कर्ताधर्ता आणि जर्मनांच्या हॅकफेल्ड कंपनीत भागीदार, मळ्यांची माल मागवायची आणि साखर विकायची कामं याच कंपनीकडे. त्यात हवाई तेव्हा वेगळं राज्य होतं, अमेरिकेशी झालेल्या १८७५ च्या करारामुळे तिथली साखर अमेरिकेत ड्युटी न भरता जायला लागली, मग सगळ्यांनीच ऊस वाढवला, आणि इतका ऊस बैलगाडीने कारखान्यात आणायचा तरी कसा. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकेने ही हॅकफेल्ड कंपनी ताब्यात घेऊन विकून टाकली, ती वेगळीच स्टोरी आहे.

रूळ अडीच फुटी, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेची होती तीच रुंदी. बाबा (सासरे) हे ऐकल्यावर जे इंजिनापाशी चिकटले ते हललेच नाहीत. आम्हाला वायनिहा मिळालं. जवळून बघितलं की कळतं हे किती कामापुरतं बनवलंय, चाकं बारकी कारण स्पीड नको होता, ओढायला जोर हवा होता, आणि वळणं तीव्र म्हणून लांबीही आखूड. निघताना सिलिंडरखालच्या तोट्या उघड्या ठेवतात म्हणून दोन्ही बाजूंनी वाफेचे फवारे सुटतात, मुलं किंचाळली, मला पण वाटलं काहीतरी फुटलं. बाबांनी ड्रायव्हरला विचारून घेतलं, थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं, ते आधी बाहेर काढलं नाही तर पिस्टन त्याच्यावर आदळून सिलिंडरच फुटायचा. मग त्यांनी बाबांना काचेची नळी दाखवली, बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते त्यात दिसतं, गाडी चालताना पाणी त्यात वरखाली होत राहतं आणि गप्पा मारता मारता पण त्या माणसाची नजर दर मिनिटाला तिकडे जात होती. माझ्यासाठी पैसे वसूल तिथेच झाले.

चिमणीतून ठिणग्या उडू नयेत म्हणून त्या काळी ऊसवाल्या इंजिनांना जाळी लावायचे, वाळलेल्या पाचटात एक ठिणगी पडली तर प्लॉटच्या प्लॉट जाणार. गंमत म्हणजे नंतर तोडणीआधी फड मुद्दाम पेटवायला लागले, पाला जळून जातो आणि ऊस उभा राहतो. तिथे ऊस दोन-दोन वर्षं रानात असायचा, त्यामुळे पाला केवढा साठत असेल विचार करा.

एक गोष्ट मात्र राइडमध्ये कळत नाही, ती माहीत करून मगच जा. फडातले रूळ कायमचे नसायचे, तोड जिकडे सरकेल तिकडे उचलून न्यायचे, आणि उसाच्या मोळ्या खांद्यावर घेऊन फळीवरून डब्यात चढवायचं काम माणसांचं. चीन, जपान, पोर्तुगाल, फिलिपिन्स कुठून कुठून आणलेली माणसं, प्रत्येकाला नंबराचा बिल्ला, पगारही त्या नंबरावर, आणि घोड्यावर बसलेला मुकादम. १९४६ मध्ये अख्ख्या हवाईत ऊस कामगारांनी ७९ दिवस संप केला. हळूहळू ट्रक आले, रूळ गेले आणि आता तर साखरच गेली, लिहुएचा कारखाना २००० मध्ये बंद, हवाईतला शेवटचा माउईचा २०१६ मध्ये. त्यामुळे आजूबाजूला ऊस दिसेल म्हणून जाल तर फसाल.

ग्रोव्ह फार्मच्या जुन्या वाड्याची टूर वेगळी असते, तिचं बुकिंग आधी करावं लागतं, आम्हाला ते जमलं नाही. वाफेच्या इंजिनाची आवड असलेला घरात एक जरी माणूस असेल तर पाचपैकी पाच, नसेल तर तीन. आणि कृपा करून पांढरे कपडे घालू नका, काजळी उडते आणि तेलाचे डाग जात नाहीत, माझी ओढणी अजून तशीच आहे.