नुसिनर्सेन की रिसडिप्लाम? खान्देशातल्या पालकांसाठी

एसएमए, म्हणजे स्नायू दुबळे करत जाणारा आनुवंशिक आजार, त्याचं निदान झालं, एसएमएन2 या जनुकाच्या प्रती मोजून झाल्या, की आपल्याकडे बहुधा दोनच औषधांची नावं समोर राहतात, नुसिनर्सेन आणि रिसडिप्लाम. झोलजेन्स्मा हे तिसरं औषध एकदाच द्यायचं असतं, पण त्याची किंमत कोट्यवधींत आहे. उरलेल्या दोघांचं काम एकच, एसएमएन2कडून पूर्ण लांबीचं प्रथिन करवून घेणं. दोघांची समोरासमोर चाचणी झालेली नाही, त्यामुळे गुणाने कोण वरचढ हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

नुसिनर्सेन कण्यात टोचतात. एका वेळी 12 मिलिग्रॅम म्हणजे 5 मिलिलिटर; सुरुवातीला दोनेक महिन्यांत चार डोस, मग दर चार महिन्यांनी एक. घरी काही सांभाळायचं नाही, रोज लक्षात ठेवायचं नाही, ही त्याची मोठी सोय. पाठीला बाक आला असेल तर मात्र मणक्यांमधली फट सापडत नाही, आणि मशीनवर बघत सुई घालावी लागते. तेही चालवून घेता येतं. आम्हाला नडली ती सर्दी. भूल द्यायची असेल आणि मुलाची छाती भरलेली असेल, तर तारीख पुढे जाते. भुसावळहून रात्रीच्या गाडीने मान न धरणारं लेकरू आडवं घेऊन मुंबई गाठायची, सकाळी उपाशी ठेवायचं आणि तसंच परत यायचं. एसएमएच्या मुलांना सर्दी तर पाचवीलाच पुजलेली.

रिसडिप्लाम तोंडाने किंवा पोटात अन्न देण्याच्या नळीतून, रोज ठरल्या वेळी. दोन वर्षांवरच्या, 20 किलोच्या आतल्या मुलाला किलोमागे 0.25 मिलिग्रॅम, त्यापुढे सरसकट 5 मिलिग्रॅम, म्हणजे 6.6 मिलिलिटर. सिरिंजमध्ये ओढल्यावर पाच मिनिटांत द्यायचं, दुधात मिसळायचं नाही. उलटी झाली तरी पुन्हा देऊ नका. वेळ चुकली तर सहा तासांच्या आत द्या, नाहीतर थेट दुसऱ्या दिवशी.

खरी परीक्षा वैशाखात. पावडरमध्ये पाणी घालून तयार झालेलं रिसडिप्लाम 2 ते 8 अंशांत ठेवायचं. बाहेर एकूण पाच दिवस चालतं, पण 40 अंशांपर्यंतच. जळगावचा मे त्यापुढे जातो, म्हणून त्या सवलतीवर विसंबू नका. बाटली फ्रिजच्या दारात नको, मधल्या कप्प्यात उभी ठेवा. वीज गेली तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवा, बाटलीला थेट लागू देऊ नका; औषध गोठलं तरी वाया जातं. एवढी उस्तवार आम्हाला त्या खेपांपुढे हलकी वाटते.

खर्चाचं पारडंही 2025च्या ऑक्टोबरनंतर झुकलं. नॅटको या भारतीय कंपनीची रिसडिप्लामची बाटली 15,900 रुपयांना आली. मूळ कंपनी रोशची सहा लाखांच्या वर होती. 20 किलोच्या मुलाला एक बाटली बारा दिवस पुरते, म्हणजे वर्षाला साधारण पाच लाख. हाही आकडा लहान नाही.

गिळताना ठसका लागत असेल आणि नळी बसवलेली नसेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलूनच ठरवा. तिथे नुसिनर्सेन बरं पडू शकतं. रिसडिप्लाम ठरलं, तर पावडरमध्ये पाणी केमिस्टकडूनच मोजून घालून घ्या, 79 मिलिलिटर, आणि तारीख बाटलीवर लिहून घ्या. तिथून 64 दिवसांनी उरलेलं टाकून द्यायचं.