रोज रात्री अर्धा तास: हौशी खेळाडूच्या नजरेतून लिचेस

ऑनलाइन स्पर्धात्मक खेळांची परीक्षणे बहुधा त्या खेळात मुरलेली माणसे लिहितात. दिवसाकाठी चार-पाच तास खेळणाऱ्याला खेळाचे जे रूप दिसते, ते नोकरी, स्वयंपाक आणि घरातली आवराआवर आटोपून रात्री दहानंतर अर्धा तास मोकळा मिळणाऱ्याला दिसत नाही. मी या दुसऱ्या गटातली आहे. गेली तीन वर्षे मी लिचेस या संकेतस्थळावर आणि त्याच्या मोबाइल ॲपवर बुद्धिबळ खेळते आहे. एरवी रोज एक डाव आणि शनिवारी तीन-चार. माझे रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, १४००च्या आसपास घुटमळते आणि ते फार वर जावे अशी माझी धडपडही नाही. अनोळखी माणसाशी रोज लढून माझ्यासारख्या खेळाडूच्या पदरात काय पडते आणि त्यासाठी काय मोजावे लागते, एवढ्याच अंगाने हे परीक्षण लिहिले आहे.

बुद्धिबळाकडे येण्याआधी मी दोन वेगळ्या प्रकारचे खेळ बराच काळ खेळले होते. ऑफिसातल्या सहकाऱ्यांच्या आग्रहावरून नेमबाजीच्या एका सांघिक खेळात वर्षभर रमले. दबा धरून बसणे, नकाशा पाठ होणे, शेवटच्या दहा जणांत उरल्यावर छातीत होणारी धडधड, हे सगळे मला मनापासून आवडले. मात्र मी अर्धा तास खेळणारी आणि माझ्या संघात पडलेले तिघे रोज मध्यरात्रीपर्यंत सराव करणारे असत, त्यामुळे माझ्या चुकीचा भुर्दंड चौघांना बसे आणि तो मला बोलून दाखवला जाई. माझा आवाज बाईचा आहे हे कळल्यावर हेडफोनमधून जे ऐकू येई, ते इथे लिहिण्यासारखे नाही. पुढे फौजा लढवण्याचा एक खेळ घेतला. त्यातली लढत चार-पाच मिनिटांत संपत असल्यामुळे तो माझ्या वेळापत्रकात बसत होता, पण सैनिकांची पातळी वाढवायला एक तर महिनोन्महिने खेळावे लागे किंवा पैसे भरावे लागत. हरल्यावर आपण कुठे चुकलो ते शोधायला जावे, तर पुष्कळदा चूकच सापडत नसे. समोरच्याचे सैनिक माझ्यापेक्षा वरच्या पातळीचे होते, एवढेच उत्तर मिळे. हरण्याचे मला वावडे नाही, पण ज्या हारीतून काहीच शिकता येत नाही तिच्यासाठी दिवसातला एकुलता एक मोकळा अर्धा तास देणे मला जड जाऊ लागले.

लिचेसवर दोन्ही बाजूंना सोळाच सोंगट्या असतात आणि त्या कोणालाही विकत वाढवता येत नाहीत. ही गोष्ट बुद्धिबळाचीच आहे, त्याचे श्रेय संकेतस्थळाला देता येणार नाही. त्याला श्रेय द्यायचे ते त्याने उरलेला सगळा व्यवहारही याच न्यायाने चालवला आहे म्हणून. थिबो दुप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने २०१० मध्ये हे संकेतस्थळ सुरू केले आणि आज ते फ्रान्समधील एका ना-नफा संस्थेमार्फत चालते. जाहिराती नाहीत, सशुल्क सदस्यत्व नाही, आणि त्याचा सगळा सोर्स कोड कोणालाही पाहण्यासाठी खुला आहे. खर्च खेळाडूंच्या देणग्यांतून भागतो. देणगी देणाऱ्याच्या नावाशेजारी पंखांचे एक लहानसे चिन्ह दिसते, त्याहून अधिक काहीही त्याला मिळत नाही. दिवसभर डोळ्यांपुढे काही ना काही विकले जात असताना रात्रीचा अर्धा तास तरी असा मिळावा, याचे मोल मला फार वाटते, आणि म्हणून दरवर्षी यथाशक्ती थोडी देणगी मी पाठवते.

खऱ्या अर्थाने हौशी खेळाडूला तारून नेते ती जोड्या लावण्याची पद्धत. बुद्धिबळातली रेटिंगची जुनी पद्धत अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी प्राध्यापकाची. ती आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. त्या गणिताप्रमाणे दोघांच्या रेटिंगमध्ये २०० गुणांचे अंतर असेल, तर विजयाचा एक आणि बरोबरीचा अर्धा गुण धरून वरच्या खेळाडूने चार डावांतून साधारण तीन गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. लिचेस याच विचाराची सुधारलेली आवृत्ती वापरते. मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञाने तयार केलेल्या ग्लिको-२ या पद्धतीत रेटिंगबरोबर त्या रेटिंगवर किती भरवसा ठेवायचा याचाही हिशेब ठेवला जातो. नव्या खेळाडूला १५०० गुण मिळतात आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह असते. सुरुवातीच्या डावांत एकेका निकालाने हा आकडा शंभराहून अधिक गुणांनी खालीवर होतो आणि जसजसा अंदाज पक्का होत जातो तसतशी ही उसळी कमी होते. माझे १५०० पहिल्याच आठवड्यात ११८० वर आले. तेव्हा वाईट वाटले, पण त्यानंतर जे प्रतिस्पर्धी मिळू लागले ते माझ्याच तोलामोलाचे होते. तेही वजीर फुकट घालवत होते, त्यांनाही प्याद्यांचा शेवट, म्हणजे राजे आणि प्यादीच उरलेला डावाचा अखेरचा टप्पा, जमत नव्हता.

या पद्धतीचा एक परिणाम नव्या माणसाने आधीच समजून घ्यावा. जोडी बरोबरीची लागत असेल, तर कितीही खेळलो तरी जवळपास निम्मे डाव आपण हरणारच. आपण सुधारलो की प्रतिस्पर्धीही सुधारलेला मिळतो. माझे तीन वर्षांचे आकडे जिंकलेले आणि हरलेले असे मांडले, तर त्यांत फारसा फरक नाही, आणि तरीही आजचा माझा खेळ पहिल्या वर्षीच्या माझ्या खेळाला सहज हरवेल याची मला खात्री आहे.

वेळेची निवड खेळाडूच्या हातात असते. प्रत्येकी एका मिनिटाच्या बुलेट डावापासून अर्ध्या तासाच्या सावकाश डावापर्यंत सगळे प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकाराचे रेटिंग वेगळे ठेवले जाते. हौशी खेळाडूने किमान दहा मिनिटांचा डाव घ्यावा असे माझे मत आहे. तीन मिनिटांच्या डावात सराईत खेळाडूचा हात आपोआप चालतो, आपला चालत नाही. विचार करायला लागावे तोवर घड्याळ संपते आणि डाव कसा झाला याची काही आठवणही मागे राहत नाही.

गेल्या पावसाळ्यातला एक डाव मात्र माझ्या चांगलाच लक्षात आहे. हत्ती आणि प्याद्यांचा शेवट होता, माझे एक प्यादे कमी होते आणि घड्याळही संपत आले होते. लिचेसवर शेवटच्या दहा सेकंदांत सेकंदाचे दशांश पळताना दिसू लागतात. माझ्याकडे नऊ सेकंद उरली होती. समोरच्याकडे दोन मिनिटांहून अधिक वेळ होता. त्याने नुसते हत्ती इकडून तिकडे हलवत बसायचे ठरवले असते, तरी डाव त्याचाच होता. मी चाल खेळले आणि पाहते तो माझ्या घड्याळात तेवीस सेकंद. प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत पंधरा सेकंदांची भर घालण्याचे एक बटण इथे असते आणि ते त्याने दाबले होते. पुढच्या काही चालींत त्याने ते आणखी दोनदा दाबले. मग प्याद्याचा वजीर केला आणि मला रीतसर मात दिली. त्याला माझा वेळ संपून जिंकायचे नव्हते, पटावर जिंकायचे होते. तो कोणत्या देशाचा होता, किती वर्षांचा होता, यातले मला काही माहीत नाही. नेमबाजीच्या खेळात वर्षभर जे मिळाले नाही ते मला या हरलेल्या डावात मिळाले, आणि त्या दिवसापासून कोणाचा वेळ संपत आला आणि डाव माझ्या बाजूने झुकलेला असला, की मीही ते बटण दाबते.

डाव संपल्यानंतरची सोय ही लिचेसची सर्वांत मोठी जमेची बाजू. एका बटणावर स्टॉकफिश हे संगणकीय इंजिन संपूर्ण डाव तपासते, पारडे कोणत्या चालीला कोणाकडे झुकले याचा आलेख काढते आणि चुकांची वर्गवारी करते: किरकोळ चूक, चूक आणि घोडचूक. त्यानंतर ‘चुकांमधून शिका’ हा पर्याय निवडला, की आपण चुकलेली स्थिती पुन्हा पटावर मांडली जाते आणि याहून चांगली चाल आपल्याला शोधायला लावली जाते. उत्तर आयते मिळत नाही, म्हणून ते लक्षात राहते. एका महिन्यात मी चार डाव अगदी एकाच पद्धतीने हरल्याचे मला या तपासणीतून दिसले. किल्लेकोट केल्यानंतर, म्हणजे एकाच चालीत राजा आणि हत्ती हलवून राजाला कडेच्या बाजूला सुरक्षित नेल्यानंतर, राजापुढची तिन्ही प्यादी मी जागची हलवत नसे, आणि प्रतिस्पर्ध्याचा हत्ती मोकळ्या उभ्या पट्टीतून थेट माझ्या पहिल्या आडव्या पट्टीवर उतरला, की राजाला पळायला घरच उरत नसे. संकेतस्थळावरची कोडी विषयवार लावलेली आहेत आणि ती हवी तितकी सोडवता येतात. मी पंधरा दिवस फक्त या एका प्रकारच्या मातेची कोडी सोडवली. आता कडेचे प्यादे एक घर पुढे सरकवून राजाला खिडकी करून देण्याची आठवण मला वेळेवर होते. पूर्वी असे दोष दाखवायला जवळ बसून डाव पाहणारा गुरू लागत असे. तशा गुरूची जागा इंजिन घेऊ शकत नाही, कारण ते चांगली चाल सांगते पण ती का चांगली हे माणसाच्या भाषेत सांगत नाही. ज्यांच्या गावात बुद्धिबळाचा वर्ग नाही त्यांच्यासाठी मात्र ही तपासणी फार मोठा आधार आहे.

आता किमतीबद्दल. रेटिंग हा आकडा मनात घर करतो. एखादा डाव हरल्यावर गेलेले गुण परत मिळवायचे म्हणून दुसरा, मग तिसरा, असे करत रात्रीचा एक वाजल्याचे माझ्या बाबतीत अनेकदा झाले आहे, आणि अशा रात्री खेळलेल्या डावांपैकी धड एकही नसतो. यावर मला दोन उपाय लागू पडले. झेन मोड सुरू केला की डाव चालू असताना नावे आणि रेटिंग दोन्ही झाकली जातात आणि समोर फक्त पट उरतो. दुसरा उपाय म्हणजे हरल्यानंतर पुढचा डाव सुरू न करता हरलेल्या डावाची तपासणी करायची. ती पूर्ण होईपर्यंत मन निवते आणि बहुतेक वेळा झोपही आलेली असते.

लबाडीचा प्रश्न ऑनलाइन बुद्धिबळाला सुरुवातीपासून जडलेला आहे, कारण साध्या फोनवरचे इंजिनही जगज्जेत्यापेक्षा सरस खेळते. लिचेसवर अशा खेळाडूंचा शोध सतत घेतला जातो, आणि कोणी पकडला गेला तर त्याच्याविरुद्ध नुकतेच हरलेल्यांचे गुण परत दिले जातात. मला असा निरोप दोनदा आला आहे. हरायला लागल्यावर डाव अर्धवट टाकून जाणारेही भेटतात. ते निघून गेले की ठरावीक वेळाने विजय आपल्या नावे करून घेता येतो. गप्पांची चौकट मी कायमची बंद ठेवली आहे आणि खात्याला असे नाव दिले आहे की ज्यावरून मी बाई आहे की पुरुष हे कळत नाही. पहिल्या खेळातल्या अनुभवानंतर या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून माझ्या दहा वर्षांच्या भाचीला बुद्धिबळाचे वेड लागले आहे. तिच्या खात्यावर आम्ही मुलांसाठीचा किड मोड सुरू केला आहे. त्यात निरोप आणि गप्पा पूर्णपणे बंद होतात. लहान मुलांच्या हाती हे ॲप देणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी सर्वांत आधी ही एक गोष्ट करावी.

माझे वडील सांगलीला असतात. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथे उभ्या केलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळात तरुणपणी स्पर्धा पाहायला जाणारे अण्णा घरी मात्र आजोबांकडून देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकले होते, ज्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाते आणि शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल खेळता येते. घड्याळ लावून खेळणे त्यांना या वयात आवडत नाही. लिचेसवर टपालाने खेळल्यासारखे, एका चालीला कित्येक दिवस देऊन खेळण्याची सोय आहे हे कळल्यावर मी त्यांना खाते उघडून दिले. आमचे डाव एका चालीला तीन दिवस या बोलीने चालतात. सध्याच्या डावात काल रात्री त्यांनी उंट आणून माझा घोडा राजापुढे जखडून टाकला आहे. माझ्या चालीला अजून दोन दिवस आहेत. उंटाला हुसकावायला कडेचे प्यादे पुढे ढकलले, तर किल्लेकोटाची ती बाजू उघडी पडते, आणि हे अण्णांनी चाल खेळण्याआधीच पाहिलेले असणार.