देश म्हणजे एक व्यक्ती नव्हे: आंतरराष्ट्रीय व्यापारावरील एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

आंतरराष्ट्रीय व्यापाराची मूलतत्त्वे शिकवणारा आठ आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. पदवीच्या वर्षांत तुलनात्मक लाभाचा सिद्धांत (जी वस्तू करताना इतर वस्तूंचा त्याग तुलनेने कमी करावा लागतो, ती देशाने करावी आणि बाकीच्या व्यापारातून मिळवाव्यात) मी पाठ केला होता आणि उत्तरपत्रिकेत व्यवस्थित लिहिलाही होता, परंतु तो आपल्याला आतून उमगलेला नाही, ही रुखरुख पुढे अनेक वर्षे राहिली. ती या अभ्यासक्रमाने बरीचशी दूर केली. मात्र व्यापारातून कोणाला काय मिळते आणि कोणाचे काय जाते, या प्रश्नाशी आल्यावर त्याची शिकवण अपुरी पडते, आणि ही उणीव किरकोळ नसल्यामुळे तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

पहिले तीन भाग अतिशय चांगले आहेत. जी वस्तू दुसऱ्याकडे स्वस्तात तयार होते ती घरी का करावी, हा ॲडम स्मिथ यांचा 1776 सालचा युक्तिवाद थोडक्यात मांडून शिक्षक लगेच खऱ्या अडचणीकडे वळतात: एखादा देश प्रत्येकच वस्तूच्या उत्पादनात मागे असेल, तर त्याने विकायचे तरी काय? याचे उत्तर डेव्हिड रिकार्डो यांनी 1817 साली चार आकड्यांत दिले. त्यांच्या उदाहरणात ठरावीक कापड विणायला इंग्लंडमध्ये 100 माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि ठरावीक मद्य तयार करायला 120 माणसांचे. पोर्तुगालमध्ये हेच आकडे अनुक्रमे 90 आणि 80 आहेत. म्हणजे दोन्ही वस्तूंत पोर्तुगालच सरस आहे. तरीही पोर्तुगालने मद्य करावे, इंग्लंडने कापड विणावे आणि दोघांनी अदलाबदल करावी, यात दोघांचेही हित आहे. कारण त्या कापडाच्या बदल्यात तेवढेच मद्य मिळाले, तर इंग्लंडला 120 माणसांचे काम 100 माणसांत साधते आणि पोर्तुगालला 90 माणसांचे काम 80 माणसांत.

हे गणित बहुतेक पुस्तकांत असते, परंतु येथे ते विद्यार्थ्याकडून करवून घेतले आहे आणि तेच या भागाचे खरे बळ आहे. पडद्यावरच्या कोष्टकात अदलाबदलीचा दर आपण स्वतः बदलायचा असतो. दर सरकवत गेल्यावर दिसते की, एका कापडामागे मिळणारे मद्य 0.83 पटीच्या खाली गेले की इंग्लंड व्यापारातून बाहेर पडते आणि 1.125 पटीच्या वर गेले की पोर्तुगाल. या दोन टोकांच्या मधला कोणताही दर दोघांनाही परवडतो, पण दर ज्या टोकाजवळ असेल त्या टोकाच्या देशाच्या पदरात फारच थोडे पडते. दोघांचा लाभ होणे आणि दोघांचा सारखाच लाभ होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला इतके स्पष्टपणे पूर्वी कधीच दिसले नव्हते. हा दर नेमका कोठे स्थिरावेल, ते दोन्ही देशांतील परस्परांच्या वस्तूंच्या मागणीवर अवलंबून असते, ही जॉन स्टुअर्ट मिल यांची पुढची पायरीही त्याच कोष्टकावर समजावली आहे. संधी खर्च, म्हणजे एक वस्तू करण्यासाठी जी दुसरी सोडावी लागते तिची किंमत, ही कल्पना ज्यांना कोरडी वाटते, त्यांनी निदान एवढा भाग तरी आवर्जून करावा.

घोटाळा चौथ्या भागापासून सुरू होतो. सिद्धांत मनात ठसावा म्हणून येथे दोन माणसांचे उदाहरण घेतले आहे: एक निष्णात वकील टंकलेखनही आपल्या साहाय्यकापेक्षा वेगाने करतो, तरीही टंकलेखन साहाय्यकाकडे सोपवण्यातच त्याचे हित असते. उदाहरण जुने आहे आणि चुकीचेही नाही. परंतु दोन व्यक्तींच्या व्यवहारात नुकसान सोसणारा तिसरा कोणी नसतोच. व्यवहार पटला नाही, तर दोघांपैकी कोणीही तो नाकारू शकतो. देशाचे तसे नसते. व्यापार खुला करण्याचा निर्णय देशाच्या नावाने होतो, त्याचा लाभ एका गटाला मिळतो, आणि ज्याचा विणमाग बंद पडतो त्याची संमती कोणी घेतलेली नसते. वकिलावरून देशावर उडी घेताना शिक्षकांनी या फरकाचा उच्चारही केलेला नाही. परिणामी त्या भागाच्या चाचणीत ‘मुक्त व्यापारामुळे दोन्ही देशांतील प्रत्येक व्यक्तीचा लाभ होतो’ हे विधान बरोबर ठरवलेले आहे. मी ते चूक म्हणून नोंदवले आणि माझा गुण गेला. गुणाचे दुःख नाही, परंतु हजारो विद्यार्थी हेच उत्तर खरे मानून पुढे जात असतील, याचे मनापासून वाईट वाटते.

रिकार्डोंच्या कोष्टकात नुकसान सोसणारा कोणी का दिसत नाही, हे सांगायला दोन वाक्ये पुरली असती. त्या कोष्टकात श्रम हा एकच उत्पादन घटक आहे आणि देशाच्या आत तो एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात विनासायास जातो. विणकर सकाळी माग सोडतो आणि संध्याकाळपर्यंत द्राक्षमळ्यात रुजू होतो. सिद्धांताचे सौंदर्य या साधेपणात आहे हे मान्य करूनही, त्या गृहीतकाची जाणीव विद्यार्थ्याला करून द्यायलाच हवी. स्वतः रिकार्डो व्यापारातील हितसंबंधांविषयी मुळीच भाबडे नव्हते. इंग्लंडमध्ये परदेशी धान्याची आयात रोखणारा कायदा 1815 साली झाला, तेव्हा महाग धान्यामुळे जमीनदारांचा खंड वाढतो आणि कारखानदारांचा नफा आटतो, हे त्यांनी त्याच वर्षी मांडले होते. तो कायदा 1846 साली रद्द होईपर्यंत चाललेला झगडा म्हणजे व्यापारात कोण कमावतो आणि कोण गमावतो याचा उत्तम पाठ होता. शिवाय आपले पूर्वीचे मत बदलून, यंत्रांमुळे कामगारांचे नुकसान होऊ शकते, हे त्यांनी आपल्या 1817 सालच्या ग्रंथाच्या 1821 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत कबूल केले होते. अभ्यासक्रमात या दोहोंपैकी कशाचाच उल्लेख नाही.

पाचव्या भागात एली हेक्शर आणि बर्टिल ओहलिन यांचे प्रारूप येते (देशाकडे भांडवल किंवा श्रम यांपैकी जे मुबलक, ते अधिक वापरणाऱ्या वस्तू तो निर्यात करतो), आणि त्यांच्या मागोमाग वोल्फगँग स्टोल्पर व पॉल सॅम्युएल्सन यांचा 1941 सालचा निष्कर्ष येतो. माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमाचा कणा हा निष्कर्ष असायला हवा होता. प्रत्यक्षात तो एका छोट्या चित्रफितीत उरकला आहे. भांडवल मुबलक आणि श्रम दुर्मीळ असलेल्या देशाने व्यापार खुला केला, तर श्रमप्रधान वस्तू आयातीमुळे स्वस्त होतात आणि त्या प्रारूपाच्या गृहीतकांनुसार मजुरीचा दर वस्तूंच्या किमतीपेक्षाही अधिक घसरतो. म्हणून मजूर आपली मिळकत स्वस्त झालेल्या वस्तूंवर खर्च करो किंवा इतर वस्तूंवर, दोन्ही बाबतींत त्याची क्रयशक्ती कमीच होते. ‘स्वस्ताईमुळे शेवटी सगळ्यांचेच भले होते’ या नेहमीच्या आश्वासनाला अर्थशास्त्रानेच दिलेले हे उत्तर आहे, आणि ज्या चाचणीत माझा गुण गेला ती याच्या अगदी एक आठवडा आधीची आहे!

सातव्या भागात नुकसानभरपाईची चर्चा आहे. ज्यांचा लाभ होतो ते, ज्यांचे नुकसान होते त्यांची भरपाई करूनही फायद्यात राहू शकतात, ही 1939 साली निकोलस काल्डोर आणि जॉन हिक्स यांनी पुढे आणलेली कसोटी शिक्षक नीट सांगतात. परंतु ‘करू शकतात’ आणि ‘करतात’ यांच्यामधल्या दरीत ते उतरत नाहीत. चीन डिसेंबर 2001 मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 1990 ते 2007 या काळात अमेरिकेच्या कारखानदारीतील रोजगारात झालेल्या घटीपैकी सुमारे एक चतुर्थांश घट चीनहून वाढलेल्या आयातीमुळे झाली. त्याहूनही बोलकी गोष्ट अशी की, कारखाने बंद झालेल्या भागांतील माणसे अपेक्षेप्रमाणे दुसरीकडे स्थलांतरित झाली नाहीत. त्या भागांत बेरोजगारी वाढली, मजुरी घटली आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांची संख्या वाढली. अशा कामगारांसाठी अमेरिकेने 1962 सालीच कायद्याने साहाय्य योजना आणली होती, परंतु पहिल्या सात वर्षांत कामगारांच्या एकाही गटाचा अर्ज मंजूर झाला नाही, आणि 1 जुलै 2022 पासून नव्या अर्जांना मंजुरी देणे थांबले. हा सारा तपशील अभ्यासक्रमाच्या सातव्या भागात सहज मावला असता.

असे असले तरी अभ्यासक्रम एकांगी प्रचार करतो, असा आरोप मी करणार नाही. आयात शुल्कावरचा सहावा भाग समतोल आहे. शुल्काचा बोजा बहुतांशी आपल्याच ग्राहकांवर पडतो, संरक्षित उद्योगाचा लाभ मोजक्या लोकांच्या हाती एकवटतो आणि त्याची किंमत असंख्य लोकांमध्ये थोडीथोडी विभागली जात असल्यामुळे तिच्याविरुद्ध कोणी आवाज उठवत नाही, हे त्यात उत्तम रीतीने सांगितले आहे. व्यापाराने कामगारांचे नुकसान होते म्हणून शुल्क लावणे हाच उपाय आहे, असे मीही मानत नाही. आठवा भाग उजळणीचा आहे आणि तो वगळला तरी चालेल. चित्रफितींचा आवाज स्वच्छ आहे, शिक्षकांची गती सावकाश आहे आणि गणिताची भीती असणाऱ्यालाही कोठे अडायला होत नाही.

सिद्धांत प्रथमच समजून घेऊ इच्छिणाऱ्यांना मी हा अभ्यासक्रम सुचवेन, परंतु एका बदलासह: तिसरा भाग संपल्यावर चौथ्याकडे न जाता आधी पाचवा भाग दोनदा पाहावा, आणि मगच मागे येऊन वकील व टंकलेखकाचे उदाहरण ऐकावे. चाचणीतील त्या विधानाबद्दल मी अभ्यासक्रमाच्या संचालकांना सविस्तर पत्र पाठवले आहे. ‘प्रत्येक व्यक्तीचा’ हे शब्द काढून तेथे ‘एकूण उत्पन्नाच्या दृष्टीने देशाचा’ एवढेच लिहावे, अशी माझी मागणी आहे.