आमदारांना निवेदन की आझाद मैदान?

गावच्या आशाताईंचा पेच: मागण्यांसाठी आमदारांना निवेदन द्यावं, की अधिवेशनात आझाद मैदानावर बसावं?

खर्चात निवेदन स्वस्त. दोन झेरॉक्स आणि पोच म्हणून शिक्का (तो घेतल्याशिवाय हलू नका). मैदानासाठी एसटीचं भाडं, बुडालेला मोबदला, शिवाय मुंबईत स्वच्छतागृह शोधत पायपीट.

पण पैसा कुठून येतो ते बघा. आमदार निधीतून रुग्णवाहिका मिळेल, मोबदला नाही. तो अर्थसंकल्पातून किंवा पुरवणी मागण्यांतून (वर्षाच्या मध्येच सरकार सभागृहाकडून मंजूर करून घेतं तो जादा खर्च) येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सात हजारांची वाढ तोंडी जाहीर झाली. मैदानावर बसल्यानंतर, मार्च २०२४ मध्ये पदरात पडले पाच हजार.

उपकेंद्राचं छप्पर गळतंय? निवेदन पुरे. मोबदला वाढवायचाय? मैदान, मात्र निघण्याआधी आमदारांकडून तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं) टाकून घ्या.